मनकर्णाबाईंच्या आसवाची बरणी

मी एक जुनी चिनी मातीची बरणी आहे. पोलीस ॲक्शननंतर शहर निवांत झाले, तेव्हा मनकर्णाबाई वैद्यांनी मला गुलमंडीच्या बाजारातून घरी आणले. त्या माझ्यात मनुका, गूळ आणि आंबवण्यासाठी धायटीची फुले घालत, तोंडाला कापड बांधून मुरवत. मग द्राक्षासव तयार होई. ते न्यायला अशक्त बाळंतिणी पार देवगाव रंगारीहून येत. "बाई, तुमच्या बरणीला लई गुण हाय," असे त्या म्हणत आणि मी फुगून जाई.

समोर नानासाहेब राहत, तेही वैद्यच. "त्या बाईच्या दारात जत्रा, अन् माझ्या दारात मांजर!" असे म्हणून ते जळत. राज्यात दारूबंदी आली आणि त्यांनी चौकीत जाऊन सांगितले, "बाई दारू गाळती." पोलिसांनी मला लाखेने मोहोरबंद केले. बाईंवर खटला भरला. हरल्या तर तुरुंग, आणि वैद्यकी कायमची बंद!

मित्रांनो, मत्सर काय असतो ते मला तेव्हा कळले. माझ्यातलेच आसव भरलेली काचेची एक बाटली दर तारखेला कोर्टात जाई, वकिलांच्या हातात मिरवे. मी मात्र पोलिसांच्या मालखान्यात, जप्त केलेल्या गंजक्या सायकलींशेजारी!

शेवटच्या तारखेला मलाही नेले. सरकारी वकील म्हणाले, "यात मद्यार्क आहे, म्हणजे ही दारूच."

बाईंचे वकील तात्यासाहेब उठले. "साहेब, मुरताना मद्यार्क आपोआप बनतो. औषधातल्या मद्यार्काचा कायदा दिल्लीने केला आहे, आणि तो अशा आसवाला औषधच मानतो. केंद्राचा कायदा असताना राज्याचा कायदा त्याच्या उलट चालत नाही."

न्यायाधीशांनी बाईंना विचारले, "हे पिऊन कोणी झिंगलं का?"

"नाय साहेब. निजलेलं माणूस उठून बसलं, एवढंच."

बाई सुटल्या. ते औषध ठरले.

पण निकाल सगळ्यांनाच लागू झाला. नानासाहेबांनी लगेच नव्या, चकचकीत बरण्या आणून आसव सुरू केले. गर्दी तिकडे वळली. मी चिडले, पण बाई म्हणाल्या, "माणसं बरी होत्यात ना? मग झालं."

आता बाई नाहीत. मी परसात रिकामी पडून आहे, माझ्यात पालापाचोळा साचतो. मित्रांनो, जुन्या वस्तूला असे टाकू नका. मला घासा, उन्हात वाळवा, काहीही भरा. मीठसुद्धा चालेल. फक्त नानासाहेबांच्या बरण्यांशेजारी मला ठेवू नका.