पिवळ्या फडक्यावरचा लाल पंजा

“लाल झालं! अगं बाई, लाल झालं!”

सरोवराकाठच्या मटेंगा गावच्या मासळीबाजारात एकच कल्ला उठला. उपड्या होडीवर उभ्या राहिलेल्या संदेष्टा लाझारोंनी पिवळंधमक फडकं उंच धरलं. त्यावर तांबडाभडक पंजा उमटला होता. पंजा लिम्बिकानी शिंप्याचा होता, आणि शिंपी होडीला टेकून घळाघळा रडत होता.

“रोग बोलला!” लाझारो गरजले. पांढरा सूट, जांभळा टाय आणि सरोवराच्या पैलतीरी पोचेल असा आवाज. “खरं सांग, आज साबणाने हात धुतलेस?”

“धुतले, बाबा. बाजाराच्या दारात बाई बादली घेऊन उभ्या असतात ना!”

“ऐका! साबण म्हणजे कोरोनाची किल्ली! साबण लावला की कातडीची दारं उघडतात आणि हा पठ्ठ्या आत शिरतो! आता हा बघा आपला कोळी. तू कधी धुतलेस रे?”

“नाताळात, बाबा!” कोळ्याने छाती फुगवून सांगितलं. त्याचा पंजा पडला, पण फडकं पिवळंच राहिलं.

“आमेन!” बाजार दणाणला. लाझारोंनी कोळ्याला कडकडून मिठी मारली. मग फडक्यावरच्या शिंप्याच्या पंज्यावर बाटलीतलं पवित्र पाणी शिंपडलं. लाली पार नाहीशी! बाटल्यांवर झुंबड उडाली.

दाराशी बादलीजवळ झियोने बाई हे सगळं पाहत उभ्या होत्या. माध्यमिक शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या. शाळा बंद पडली तेव्हा गावच्या आरोग्य समितीने त्यांना बाजाराचं दार सांभाळायला दिलं. एका हातात साबण, दुसऱ्या हातात छडी. मोठ्या गावच्या इस्पितळात खाटा भरत चालल्या होत्या, आणि इथे बादलीकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं.

“बाई, या की! भिता का?” लाझारोंनी हाक दिली.

बाई तणतणत पुढे गेल्या. लाझारोंनी आधी त्यांच्या तळव्यावर साधं पाणी शिंपडलं, मग फडकं दाबलं.

लाल! तेही सगळ्यांत गडद!

गर्दी अशी मागे सरकली की टमाट्यांच्या दोन टोपल्या उलटल्या. त्या संध्याकाळी बाईंना कुणी भाजी दिली नाही, आणि शिंप्याच्या दुकानातून लोक शिवायला टाकलेले कपडे परत नेऊ लागले.

घरी येऊन बाईंनी रागारागाने ब्लाउज धुवायला काढला. बाहीला त्या फडक्याचा पिवळा डाग लागला होता. त्यांनी साबण घासला आणि हात थांबला. डाग लालभडक झाला होता.

“आता ब्लाउजलाही कोरोना?”

त्यांनी बाही नाकाशी नेली. पुलावाचा वास! ही तर हळद! राजधानी लिलाँग्वेच्या भारतीय दुकानातून त्यांची बहीण पुलावात घालायला आणायची ती. आणि ते पवित्र पाणी? बाजारात त्याला कसला तरी आंबूस वास आला होता. बाईंनी लिंबू कापून डागावर पिळलं. डाग पुन्हा पिवळा! साबण, लाल. लिंबू, पिवळा. साबण, लाल! बाई अंगणात अशा नाचू लागल्या की कोंबड्या कुंपणावर जाऊन बसल्या.

शेजारी नासिबेको मावशी धुरावर मासे सुकवत होत्या. बाईंनी त्यांना सगळं एका दमात सांगितलं.

“असेल बाई,” मावशी म्हणाल्या, “पण रोग कुणी पाहिलाय? साबणाने तो गेला, हे तरी कुणी पाहिलंय? लाझारो निदान काहीतरी दाखवतो. वर हसवतो, जवळ घेतो. तुम्ही छडी दाखवता.”

बाई तशाच घरात गेल्या. छडी त्यांनी चुलीत घातली.

रविवारी त्या बाजारात गेल्या त्या एक शेळी ओढतच.

“बाबा, तुमचं फडकं मुक्या जनावराचा रोग ओळखतं?”

“श्वास घेणारं काहीही आणा!” लाझारो फुशारले.

बाईंनी मास्कआड हसू दाबत शेळीचा साबण लावलेला खूर फडक्यावर टेकवला. लाल!

“शेळीला कोरोना!” कुणीतरी ओरडलं आणि पहिलं हसू फुटलं.

मग आली मक्याच्या पिठाची न्सिमा घोटायची पळी. लाल! “पळी कुठे श्वास घेते हो, बाबा?” मावशींनी विचारलं. मग होडीचं वल्हं. लाल! लोक पोट धरून हसू लागले.

“हे सैतानाचं काम!” लाझारो किंचाळले.

“तसं असेल तर मला माफ करा. हात मिळवा,” बाई नरमाईने म्हणाल्या. हस्तांदोलनाला नाही म्हणायची सोय नव्हती. भिऊ नका, हात मिळवा, हेच तर लाझारो रोज सांगत होते. त्यांनी हात दिला. बाईंचा हात साबणाने बुळबुळीत होता. बाईंनी लाझारोंचा तोच हात धरून फडक्यावर दाबला.

“संदेष्ट्याला कोरोना!”

शिंपी हसता हसता होडीवरून खाली पडला. बाईंनी लिंबू पिळून लाली घालवली आणि लिंबू, हळद, साबण लोकांच्या हातात दिलं. मग काय! जो तो फडक्याचा तुकडा फाडून लाल-पिवळं करत सुटला. तेवढ्यात लाझारो एका सायकलच्या मागे बसून पसार झाले. टाय वाऱ्यावर फडफडत होता.

“पण बाई,” मावशींनी सगळ्यांसमोर विचारलं, “हळदीचं कळलं. साबणाने रोग जातो, हे कशावरून?”

“असंच विचारा, मावशी! मला सुद्धा विचारा,” बाई म्हणाल्या. “तुमची मासे तळायची कढई नुसत्या पाण्याने निघते?”

“छे! राख नाहीतर साबण लागतो. नाहीतर तेल हटत नाही.”

“या विषाणूच्या अंगावरही तसंच चरबीचं कवच असतं. साबण ते फोडतो. कवच फुटलं की तो मेला. आत शिरलेला रोग साबण बरा करत नाही. तो हातावरून तोंडात जाणारा विषाणू अडवतो. चमत्कार नाही, नुसती कढई घासायची. जो चमत्कार दाखवेल त्याला विचारा, कसं केलंस? पुन्हा करून दाखव. आम्हालाही करू दे. जो चिडेल, त्याच्यापासून लांब राहा.”

मावशींनी बाह्या सरसावल्या आणि बादलीकडे चालू लागल्या.

“ए कोळ्या,” त्या मागे वळून ओरडल्या, “नाताळ आला! चल, लाग रांगेत!”