मिरचीचा तंग

पडद्याची दुमड एका हाताने धरून टेलरबाईंनी टाचण्यांच्या गादीकडे दुसरा हात नेला आणि तो हात तिथेच थांबला. बिनडोक्याची टाचणी जागेवर नव्हती.

बाकीच्या टाचण्यांना काचेचे रंगीत मणी होते. हिचा मणी कधीच तुटून गेला होता. पण जाड कापडात हिच्याइतकी सहज दुसरी कुठलीच शिरत नसे, म्हणून टेलरबाईंनी ती टाकली नव्हती. गादीच्या मधोमध तिची ठरलेली जागा होती. त्यांनी मशीनखाली पाहिलं, बॉबिनच्या डब्यात पाहिलं, स्वतःचे खांदे चाचपले. मग शेवटचं जाड काम कुठलं शिवलं ते आठवलं.

शेवटचं जाड काम म्हणजे मिरचीच्या तंगाचं कव्हर. ते कव्हर या घडीला मिरचीच्या पोटाला आवळलेलं असणार आणि मिरचीच्या पाठीवर त्यांची लेक बसलेली असणार.

मिरची ही रायडिंग क्लबातली तांबडी घोडी. रंगही तसा आणि स्वभावही तसाच. तिची कातडी इतकी नाजूक की नुसती माशी बसली तरी बाईसाहेबांचं सगळं अंग थरथरायचं. खोगीर जागेवर राहावं म्हणून पोटाखालून जो पट्टा आवळतात, तो तंग. हा तंग मिरचीला पुढच्या पायांच्या मागे, अगदी कोपराशी घासायचा. आधी तिथले केस जायचे, मग कातडी लाल व्हायची, मग सोलून निघायची. एकदा का तिथे दुखलं, की पाठीवरच्याला खाली टाकल्याशिवाय ती राहायची नाही. गेल्या मोसमात एका चांगल्या तरबेज स्वाराला तिने असंच टाकलं होतं आणि तो अजून काठी घेऊन चालत होता.

हे कळल्यापासून टेलरबाईंच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. तशा त्या मुळातच घाबरट. गॅस बंद केलाय का ते बघायला चौकातून परत येणाऱ्या. पण घोड्यांची भीती सगळ्यांत वरची. पहिल्याच भेटीत मिरचीने त्यांची बाही दातांत धरली होती. तेव्हापासून त्या कठड्याबाहेर उभ्या राहायच्या आणि लेकीने घोडी जराशी पळवली की ओरडायच्या, "छकुले, खाली उतर!" छकुली एकोणीस वर्षांची होती. आजूबाजूचे गालातल्या गालात हसायचे आणि तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं व्हायचं.

टेलरबाईंनी तबेल्यातल्या मोतद्दाराचंही डोकं खाल्लं होतं. घोड्यांची देखभाल करणारा तो सोशिक माणूस, पण त्यालाही त्या दिवसातून चार फोन करायच्या. तंग सैलच ठेवा हो, त्यांनी विनवलं होतं. तो म्हणाला होता, सैल ठेवला तर जास्तच घासतो, वर खोगीर फिरून पोरगी खाली येईल. घामाचं मीठ धुवायचं, अंग कोरडं करायचं, केस सरळ बसवायचे. तंग पट्ट्याचं एकेक भोक वर चढवत आवळायचा आणि शेवटी पुढचे दोन्ही पाय एकेक करून पुढे ओढायचे. तुमच्या कापडाला चुणी पडते ना बाई, तशी हिच्या कातडीलाही पडते. पाय ओढला की ती निघते.

चुणी म्हटल्यावर टेलरबाईंना पहिल्यांदा घोड्याचं काही समजलं. आज क्लबाच्या संघासाठी निवड चाचणी होती. छकुलीने त्यांना बजावलं होतं, आज यायचं नाही, फोन करायचा नाही. मोतद्दाराचा नंबरही तिने स्वतः त्यांच्या फोनमधून पुसला होता. तेव्हा टेलरबाईंनी काय केलं, तर जुन्या कोटाचं मऊ लोकरी अस्तर काढलं आणि तंगाला कव्हर शिवलं. कातडीला काही टोचू नये म्हणून शिवण बाहेरच्या बाजूला घेतली. लोकर स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला घासून पाहिली. भीतीपोटी त्यांच्या हातून घडलेलं ते पहिलंच कामाचं काम. शेवटची बाजू मात्र घाईत झाली, कारण छकुली दारात बूट घालून उभी होती.

त्यांनी लेकीला फोन लावला. तो क्लबाच्या कपाटात वाजत राहिला असणार. टेलरबाईंनी मशीनचा दिवा तसाच ठेवला, दुकानाचं दार नुसतं लोटलं आणि गळ्यात मापाची पट्टी घेऊनच धावत सुटल्या.

वाटेत त्यांच्या डोळ्यांसमोर काय काय आलं! लोकरीत आडवी पडलेली टाचणी. मग तंग आणखी आवळला जातोय. टाचणी हळूहळू टोकाकडून बाहेर येतेय. मिरची उडीला झेपावतेय आणि नेमकी तेव्हाच... पुढचं त्या बघू शकत नव्हत्या, पण ते दिसत होतं. सिग्नलपाशी एक गाडीवाला शिव्या देऊन गेला तेही त्यांना कळलं नाही. मी माझ्या हाताने शिवलं, एवढं एकच वाक्य डोक्यात घणघणत होतं.

मैदानाच्या कठड्यापाशी त्या पोचल्या तेव्हा छकुली घोडीवर होती. मिरची धड उभी राहत नव्हती. कान मागे पाडून ती आडवी आडवी सरकत होती, शेपटी फटकारत होती. मधोमध उभे असलेले, घोडेस्वारी शिकवणारे मास्तर वैतागले होते. नखरे आहेत तिचे, ते म्हणत होते, चाचणीच्या दिवशी हिला बरोबर कळतं. मग त्यांनी छकुलीला सांगितलं, उडी घ्यायच्या आधी तंग अजून एक भोक वर घे.

छकुलीने बसल्याबसल्याच पाय पुढे घेतला आणि तंगाच्या बकलापर्यंत हात पोचावा म्हणून खोगिराची झापड उचलली.

टेलरबाईंचा ओरडा गळ्यापर्यंत आला. इतके दिवस त्या इथे ओरडतच आल्या होत्या. पण ओरडलं तर मिरची बिथरेल एवढं त्यांना आज कळत होतं. त्यांनी ओरडा गिळला, कठड्याच्या फळ्यांमधून वाकून आत शिरल्या आणि वाळूतून चालू लागल्या. कुणीतरी म्हणालं, आल्या टेलरबाई. कुणीतरी हसलं. मास्तरांनी हात वर करून, आज नको हो बाई, म्हणून कपाळाला आठ्या घातल्या.

छकुलीच्या चेहऱ्यावर आधी लाज आली, मग राग.

"आई, तू कबूल केलं होतंस."

"तंग ओढू नकोस," टेलरबाई हळू आवाजात म्हणाल्या. घोडीचं डोकं त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतं. "उतर."

"तुझं नेहमीचंच आहे. जा ना तिकडे, सगळे बघतायत."

"नेहमीचं नाही गं. नेहमी मी घाबरलेली असते. आज माझी चूक झालीय." त्यांनी तंगाकडे बोट दाखवलं. "कव्हरमध्ये टाचणी राहिलीय. बिनडोक्याची."

छकुलीचा बकलावरचा हात थांबला. त्या टाचणीला ती लहानपणापासून ओळखत होती. दोनदा तिच्या तळपायात गेली होती. मग तिने रिकिबीतून पाय काढले आणि एवढ्या अलगद खाली उतरली, की खोगीरसुद्धा कुरकुरलं नाही.

मोतद्दार धावत आला. त्याने बकल सोडलं, तंग हळूच बाजूला घेतला आणि कव्हर टेलरबाईंच्या हातात दिलं. त्यांनी बोटं फिरवली. काही लागेना. पुन्हा फिरवली. मास्तर घड्याळ बघू लागले. टेलरबाईंना वाटलं, नसेलच तर? सगळ्या मैदानासमोर लेकीचा दिवस नासवला आणि टाचणी दुकानात फरशीच्या फटीत पडली असेल तर? तरीही त्यांच्या मनातून तीच प्रार्थना निघत होती, नसूच दे, मी खोटी पडू दे.

मग त्यांनी लोकर गालाला लावली आणि इंचइंच ओढत नेली. घोडीच्या कोपराशी येणाऱ्या गोलाईवर त्यांच्या गालाला बारीक चरा गेला.

टाचणी निघाली ती वाकून. मोतद्दाराने मिरचीच्या पायामागचे केस बाजूला केले. तिथे लाल ठिपका होता, मुंगी चावल्यासारखा. तंग आणखी एक भोक वर गेला असता तर टाचणी थेट आत गेली असती. मास्तर मिरचीजवळ गेले आणि तिच्या मानेवर हात फिरवत बराच वेळ उभे राहिले. छकुलीचा चेहरा पांढराफटक पडला होता. टेलरबाईंना आता रडू आलं.

मास्तर म्हणाले, तुझी पाळी शेवटी ठेवतो. वाटलं तर आज नको. छकुली म्हणाली, करते, पण तंग नुसता नको, पुन्हा घासेल. तिने कव्हर आईपुढे धरलं. टेलरबाईंनी ते उलटसुलट करून, पुन्हा गालाला लावून, दोन्ही बाजूंनी तपासलं. मोतद्दाराने ठिपका पुसला, तिथे मलम लावलं आणि ती जागा वाचवून कव्हर बसवलं. एकेक भोक वर चढवत तंग आवळला. पुढचा एक पाय उचलून पुढे ओढला, मग दुसरा. मिरची या वेळी सरकली नाही.

छकुली वर चढली. लगाम हातात घेतले. पण घोडी हलवली नाही.

"आई, हात घाल."

"अगं, यांनी पाहिलंय ना."

"त्यांनी पाहिलंय. तू घाल, मग मी जाते."

टेलरबाईंनी मिरचीच्या दातांकडे पाहिलं, मग आपल्या बोटांकडे. त्यांनी श्वास रोखला आणि लोकर आणि कातडी यांच्या मधे हात सरकवला. आत गरम होतं. मिरचीची कातडी थरथरली; टेलरबाईही थरथरल्या. घोडीचं काळीज त्यांच्या तळव्याखाली धडधडत होतं, जोरात आणि संथ. त्यांचं स्वतःचं त्याच्या दुप्पट पळत होतं. त्यांनी पोटाखालून, कोपरामागून, पलीकडच्या बाजूनेही हात फिरवला. कुठे चुणी नव्हती, कुठे टोचत नव्हतं.

भीती मात्र तितकीच होती. तसूभरही कमी झाली नव्हती. त्यांनी हात बाहेर काढला आणि वर लेकीकडे पाहिलं. छकुली थांबली होती. आजच्या आधी या मैदानावर त्यांच्या तोंडून "उतर" याशिवाय दुसरा शब्द निघाला नव्हता.

"जा," टेलरबाई म्हणाल्या आणि मापाची पट्टी मुठीत घट्ट धरून, डोळे न मिटता बघत राहिल्या.