एकच तसराळं

लेखिकेने युद्धातल्या नर्सवर कादंबरी लिहायला घेतली आणि संग्रहालयाचा उंबरठा झिजवला. काचेमागचा लोखंडी टोप पाहून तिने तो नायिकेच्या डोक्यावर चढवला, वर वाघाचं काळीजही देऊन टाकलं. तिची मावशी युद्धातली खरीखुरी नर्स. तिने पानं वाचली आणि नुसतं "हं" केलं. ते "हं" लेखिकेला असं झोंबलं, की या खेपेला तिने मावशीलाच सोबत नेलं. मावशीची आठवण हल्ली दगा द्यायची, भलत्याच काळात जाऊन बसायची, हे ठाऊक असूनही. हावरेपणा, दुसरं काय!

आतल्या दालनात युद्धकाळातला इस्पितळाचा जुना वॉर्ड मांडला होता: खाटा, खाटांवर पुतळे, प्रत्येक खाटेखाली पांढरं एनॅमलचं तसराळं. दोघी मध्यावर पोचल्या आणि दिवे गेले. हवाई हल्ल्याचा भोंगा कोकलू लागला. प्रेक्षकांसाठी केलेला देखावाच तो, पण मावशीचा हात लेखिकेच्या हातातून सुटला होता.

"मावशी! अगं, कुठेयस?"

मावशी मनाने त्या जुन्या वॉर्डात गेली आणि परत आलीच नाही तर? आईला काय तोंड दाखवायचं?

तेवढ्यात कुणीतरी खांदा दाबून तिला खाली बसवलं आणि डोक्यावर गार तसराळं पालथं घातलं.

"हलू नकोस, बाळा. आत्ता थांबेल."

आवाज मावशीचाच, पण ती भाचीला कधी बाळा म्हणत नसे. तसराळं कानाशी खडखडत होतं, कारण ते धरणारे हात लटलट कापत होते.

"आणि तुझ्या डोक्यावर?"

"खाटेला एकच असतं. ते पेशंटचं."

दिवे आले. मावशी वाकून उभी होती, पिकलं डोकं उघडंच.

"मावशी, मी कोण?" लेखिकेने घाबरत विचारलं.

मावशीने तिची हनुवटी उजेडाकडे वळवली. "तू? त्या टोपवालीची आई. फार शूर आहे गं तुझी लेक. आमची तर भीतीने गाळण उडायची."

लेखिकेला हसू आणि रडू एकदमच फुटलं. ती मावशीला बाहेर नेऊ लागली, तोच दारावरचा पहारेकरी म्हणाला, "थांबा बाई, भोंगा अजून एकदा वाजतो."

दिवे पुन्हा गेले. मावशी तिला घट्ट बिलगली. लेखिकेने चाचपडत तसराळं उचललं, मावशीच्या डोक्यावर दोन्ही हातांनी धरलं, आणि भोंगा थांबेपर्यंत ते खडखडत राहिलं.