ऐरणीवरचा चुकलेला घाव

मित्रांनो, मी एक जुनी ऐरण आहे. जामखेडच्या अलीकडे, रस्त्याला लागून मच्छिंद्र लोहारांचं पत्र्याचं दुकान आहे. तिथे बाभळीच्या ओंडक्यावर मी बसलेली असते. शाळेत जाता-येता तुम्ही मला पाहिलंही असेल. काळी, बसकी, एका टोकाला निमुळती.

कोणत्या ओतशाळेत माझा जन्म झाला ते मला सांगता येणार नाही. आधी मी धगधगता रस होते आणि मग निवाले, एवढंच आठवतं. मच्छिंद्रबाबांच्या वडिलांनी मला बैलगाडीतून इथे आणलं आणि हळद-कुंकू वाहून ओंडक्यावर बसवलं.

लोहाराच्या कामात बोलायला उसंत नसते. लोखंड लाल असतं तोवरच ते ऐकतं. म्हणून आमच्याकडे हातोडी बोलते. लोहार डाव्या हातातल्या सांडशीने तापलेलं लोखंड माझ्यावर धरतो आणि उजव्या हातातली लहान हातोडी त्यावर टेकवतो. समोरचं माणूस मोठा घण उचलून नेमका तिथेच घाव घालतं. हातोडी माझ्या कडेवर वाजली की थांबायचं. सांडशीचा हात आणि घणाचा घाव यांत फार अंतर नसतं. धरणाऱ्याने मारणाऱ्यावर विश्वास टाकायचा असतो आणि मारणाऱ्याने तो सांभाळायचा असतो.

मच्छिंद्रबाबा धरायचे आणि बनुबाई, त्यांची पत्नी, घण मारायच्या. दिवाळीच्या सुमाराला या भागातल्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. त्याआधी कोयते घडवून घ्यायला दारात माणसांची रीघ लागायची. "या ऐरणीवरचा कोयता बोथट व्हत न्हाई," असं लोक म्हणायचे. मी मनातल्या मनात फुगून जायचे.

पुढे बाजारात तयार कोयते आले. बनुबाईंचा खांदा आखडला. त्यांचा मुलगा सुनील सुप्याला एका कारखान्यात कामाला गेला. किरकोळ कामं तेवढी उरली आणि माझ्यावर धूळ साचू लागली.

मग एके दिवशी सुनील परत आला. तिथल्या प्रेस मशीनखाली त्याच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली होती. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, एवढंच उरलं होतं. तो हात त्याने कुणाला दाखवला नाही. सदा खिशात. दुकानात हातोडी वाजायला लागली की तो उठून बाहेर जायचा.

"हात खिशात घालून बसतंय, जसं काय कुनी खिसा मारनार हाय," बनुबाई म्हणायच्या आणि पदराने डोळे पुसायच्या.

त्याच सुमारास शेजारच्या सुतारांची लेक रेश्मा माहेरी आली. सासरी तिला मारहाण होत होती. कोर्टात घटस्फोट होऊन तिची सुटका झाली, पण भीती तिच्यासोबत माहेरी आली. ती कोयत्यांच्या लाकडी मुठी तासायची आणि दुकानात आणून द्यायची. मच्छिंद्रबाबांनी हातोडी उचलली की ती एकदम मागे सरकायची आणि कोपर चेहऱ्यावर धरायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "ठिणगी आली जनू."

ठिणगी नव्हती. मला माहीत होतं आणि सुनीललाही. तो वडिलांना हळूच म्हणाला, "दादा, ती आली की हातोडी उचलायच्या आधी सांगत जा तिला."

तेव्हापासून ती दोघं बाहेरच्या दगडावर बसू लागली. एकदा रेश्मा म्हणाली, "तुमी घणाला भिता, मी उचललेल्या हाताला. आन् बसायला जागा कुठली धरली, तर लोहाराचं दार. दोगंबी लई हुशार."

सुप्याहून आल्यापासून सुनील पहिल्यांदा हसला. मी ऐकलं.

यंदा दिवाळीआधी मच्छिंद्रबाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी विस्तवाजवळ बसायला मनाई केली. नेमकं तेव्हाच एका टोळीच्या कोयत्यांचं काम आलं होतं. बाबा बाजेवरून म्हणाले, "एवढं काम झालं न्हाई तर दुकान बंद. ऐरन भंगारात दिऊ. आता धरनारं कुनी न्हाई आन् मारनारंबी न्हाई."

रेश्मा मुठी घेऊन उभी होती. लाकडं तासून तिचे दंड कणखर झाले होते. ती म्हणाली, "मारते मी. पन धरायला कोन?"

सुनील बाहेरच्या दगडावरून उठून आत आला. त्याने खिशातला हात बाहेर काढला.

उरलेल्या दोन बोटांत त्याने सांडशी धरली. ती निसटू नये म्हणून तिच्या दांड्यांवर लोखंडी कडी सरकवली. लाल पट्टी माझ्यावर आली. हातोडी टेकली. रेश्माने घण उचलला, आणि घाव चुकला.

घण माझ्या कडेवर आदळला. सांडशी उडाली, पट्टी मातीत पडली. सुनीलचा चेहरा पांढराफटक झाला. हात पोटाशी धरून तो उठला. मला वाटलं, संपलं. हा आता बाहेर जाईल तो कायमचा, आणि मी भंगारात.

पण त्याने रेश्माकडे पाहिलं. तिने घण टाकून दिला होता. भिंतीला पाठ लावून, कोपर चेहऱ्यावर धरून ती उभी होती. आपल्या हातून चूक झाली की पुढे काय होतं, ते तिला सासरी रोज शिकवलं गेलं होतं. त्याचीच ती वाट बघत होती.

सुनील पुन्हा खाली बसला. बसूनच, लांबूनच बोलला, "रेश्मा, हात खाली घे. हितं कुनी मारत न्हाई."

"तुमचा हात गेला असता."

"न्हाई गेला. हे बघ." जो हात त्याने आईलाही धड पाहू दिला नव्हता, तो त्याने तिच्यापुढे धरला. "चुकलं की लोखंड पुन्हा तापवायचं. एवढंच असतंय."

तिने कोपर हळूहळू खाली घेतलं. मग घण उचलला.

मित्रांनो, माझ्यावर किती घाव पडले याची गणती नाही. पण त्या क्षणी मी थक्क झाले. ज्याला घणाची दहशत होती, त्याने आपला दुखरा हात घणाखाली ठेवला. जिला उचललेल्या हाताचं भय होतं, तिने स्वतःचा हात उचलला. दोघंही घाबरलेलीच होती, फक्त आता आपल्यापेक्षा दुसऱ्याची काळजी जास्त होती. भट्टीत लोखंड मऊ होतं, ते मला ठाऊक होतं. हे मात्र मी पहिल्यांदा पाहिलं.

दुसरा घाव बरोबर पडला. मी अशी वाजले की रस्त्यावरचा टेम्पोवाला वळून बघू लागला.

"बरं झालं बाई," बनुबाई म्हणाल्या, "खिसा फाटायला आला हुता त्याचा."

टोळी निघण्याआधी सगळे कोयते तयार झाले. पुढे दोन्ही घरांनी थोडी कुरकुर केली आणि लग्न लावून दिलं. आता तो धरतो, ती मारते. शेजारी फटाका फुटला तर रेश्मा अजून दचकते. थंडीत सुनीलची नसलेली बोटं अजून दुखतात. अशा वेळी हातोडी माझ्या कडेवर वाजते. दोघं थांबतात, पाणी पितात, मग पुन्हा पट्टी तापवतात.

माझ्याकडे बोट दाखवून मोठी माणसं तुम्हाला सांगतील, घाव सोसले की माणूस घडतो. माझं ऐका, कारण घाव मीच सोसलेत. रेश्माला मारण्याने घडवलं नाही. सुनीलला प्रेसने घडवलं नाही. चुकल्यावरही कुणी हात उगारला नाही, तिथून ती दोघं घडू लागली. म्हणून तुमच्या मित्राकडून, धाकट्या भावंडाकडून काही सांडलं, मोडलं, चुकलं, तर आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघा. तो भ्यायलेला असेल, तर आपला हात खाली घ्या.

आणि घाव घालायचेच असतील, तर इथे या. मी लोखंडाची आहे.