चारशे बाराचा आकडा

"लहान मूलसुद्धा चालवेल!" सेल्समन छाती काढून म्हणाला. "आमचा प्लांट कारखान्यातच जुळवून, चालवून, तपासून येतो. ट्रकवरून उतरवा, पाण्याचे पाईप जोडा, वीज जोडा, एक बटण दाबा. बास. आमचं बटण दाबलं आणि काम झालं नाही, असं आजवर झालेलं नाही."

आणि ते पडद्यावर दाखवायला त्याने प्रोजेक्टरचं बटण दाबलं.

प्रोजेक्टर लागला नाही. त्याने पुन्हा दाबलं. खोलीतले दिवे गेले. तिसऱ्यांदा दाबल्यावर पडदा आपणहून गुंडाळत वर गेला आणि त्यामागे 'भिंतीवर काहीही चिकटवू नये' अशी भिंतीवर चिकटवलेली जुनी सूचना दिसली.

"असो," अंधारातून मोठे साहेब म्हणाले. "मुद्दा समजला."

मुद्दा होता अकरा मजली ऑफिस आणि त्याला जोडलेला सहाशे खुर्च्यांचा हॉल थंड ठेवायचा. जुना कूलिंग प्लांट सव्वीस वर्षांपूर्वी इमारतीच्या मागच्या बाजूला जागेवरच उभा केला होता. ज्याच्या हाती जो पाईप आला, तो त्याने मनाला येईल तिकडे वळवला होता. एक वॉल्व्ह फिरवायला पोटावर झोपावं लागे, आणि झोपल्यावर तो उलटा फिरतो हे आठवावं लागे. प्लांट रूमचं मागचं दार तर पाईपांच्या जंगलापलीकडे राहून गेलं होतं. ते आहे हे फक्त नकाशाला ठाऊक होतं.

हा प्लांट चौदा वर्षं ताईंच्या ताब्यात होता. प्लांट ऑपरेटर म्हणून त्या लागल्या आणि प्लांटप्रमुख झाल्या. त्यांना ताई सगळे म्हणायचे, त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे फिटर मामासुद्धा. कारखान्यात तयार झालेला प्लांट आणा, असा अर्ज ताई तीन वर्षं करत होत्या. त्यामुळे भांडण त्यावरून नव्हतंच. भांडण लागलं केवढा आणायचा यावरून.

ताईंनी मोबाईलच्या उजेडात टेबलावर नोंदवही ठेवली. दर तासाला इमारतीला किती थंडावा लागला त्याचा आकडा, टनांत. हा टन वजनाचा नव्हे, थंडाव्याचा.

"चारशे बारा," ताई म्हणाल्या. "चौदा वर्षांतला सगळ्यात मोठा आकडा. त्या दिवशी हॉल गच्च, सगळे मजले चालू, आणि लिफ्टमध्ये दोघं घाम गाळत अडकलेले. अडीचशेचे दोन चिलर घ्या, थंडावा देणारी दोन छोटी मशीनं. पाचशे झाले. एकाचं काम निघालं तर दुसरा चालतो."

"चारशे बारा हे मोजलेलं झालं," सल्लागार म्हणाले. "हाताशी थोडं नको? साडेपाचशे धरू."

"आणि भविष्य?" मोठे साहेब म्हणाले. "भविष्याचे दोनशे."

"साडेसातशे फायलीत बरं दिसत नाही," खरेदीप्रमुख म्हणाले. "आठशे करा."

"आठशेचं मॉडेल नाही आमच्याकडे," सेल्समन म्हणाला. "हजारचं आहे. एकच अखंड मशीन."

"नाकापेक्षा मोती जड," ताई म्हणाल्या.

"मोती कलरमध्येही मिळेल, मॅडम."

ताईंनी समजावून पाहिलं. हजाराचं हे मशीन तीनशेच्या खाली चालतच नाही, बंद पडतं. आणि बंद पडलं की वीस मिनिटं थांबल्याशिवाय पुन्हा सुरू होत नाही. आपल्याला वर्षातले सात महिने अडीचशेच लागतात. म्हणजे दहा मिनिटं हुडहुडी, वीस मिनिटं भट्टी. दोन कप चहासाठी चाळीस माणसांचं पातेलं चढवायचं आणि वर म्हणायचं, गॅस का जातोय!

"तुम्ही फार तपशिलात जाता," साहेब म्हणाले. "इथे सही करा."

आता घोडं इथेच अडलं होतं. या ऑफिसात एक नियम होता: जो मशीन चालवणार, त्याची सही झाल्याशिवाय खरेदी नाही. नियम साहेबांनीच काढलेला. एकदा लिफ्टच्या विहिरीत न मावणारी लिफ्ट आली, तेव्हा दोष द्यायला कुणीच सापडेना. साहेबांची फार कुचंबणा झाली. तेव्हापासून दोष आधी ठरवायचा आणि वस्तू मग मागवायची, अशी पद्धत पडली.

"नाही करणार," ताई म्हणाल्या.

दिवे नेमके तेव्हाच आले, त्यामुळे सगळ्यांचे चेहरे सगळ्यांना दिसले.

"सोमवारपर्यंत विचार करा," साहेब गोड आवाजात म्हणाले. "गावाबाहेरच्या पंप हाऊसवर एक जागा रिकामी आहे. शांत आहे. एक पंप, एक पंखा."

"पंखा बंद आहे," दाराशी उभे असलेले मामा म्हणाले.

घरी सासूबाई लसूण सोलत बसल्या होत्या. ताईंनी सगळं सांगितलं. सासूबाईंनी न थांबता आणखी सहा पाकळ्या सोलल्या.

"तुझ्या सासऱ्यांनी असंच एक कपाट आणलं होतं," त्या म्हणाल्या. "पुढेमागे कपडे वाढतील म्हणून. ते दारातून आत येईना. तीन वर्षं अर्धं कपाट घरात, अर्धं जिन्यात. वरच्या खणात आमचे कपडे, खालच्या खणात शेजाऱ्यांचे."

"अहो आई, इथे माझी नोकरी जातेय."

"नोकरी कुठे जातेय? तू जातेयस, पंपावर. सही केलीस तर काय होईल?"

"मशीन रोज बंद पडेल आणि रोज मला विचारतील, तुम्हीच सही केली होती ना?"

"मग इथे राहून शिव्या खाण्यापेक्षा तिथे जाऊन डबा खा." सासूबाईंनी साली गोळा केल्या. "पण जायच्या आधी त्यांना दाखवून जा गं. तोंडाने सांगून कुणाला पटतं? तुझ्या सासऱ्यांना मी तीनदा सांगितलं होतं. कपाट जिन्यात अडकल्यावर पटलं."

सोमवारी ताई सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या.

"साहेब, पैज लावू. या आठवड्यात ऊन कडक आहे. एक दिवस इमारत तुम्हाला हवी तेवढी तापवा. काय वाट्टेल ते करा. जुन्या प्लांटची दोन्ही मशीनं मिळून सहाशेपर्यंत ओढतात, त्यामुळे लागेल ते मीटरवर दिसेल. काटा पाचशेला गेला, तर हजारावर सही करते आणि स्वतःच्या पायांनी पंपावर जाते. नाही गेला, तर अडीचशेचे दोन."

साहेबांचे डोळे चमकले. ऑफिसात आजवर काहीही तापवायची परवानगी त्यांना कुणी दिली नव्हती.

गुरुवारी सकाळी परिपत्रक निघालं. सर्व खिडक्या उघडाव्यात. सर्व दिवे लावावेत. प्रत्येक कर्मचाऱ्याने घरून एक इस्त्री आणि शक्यतो एक नातेवाईक आणावा.

लोकांनी आणले. अकरा मजल्यांवर टेबलाटेबलावर इस्त्र्या उभ्या राहिल्या. कँटीनचे बॉयलर कॉरिडॉरमध्ये आले. हॉलमध्ये सहाशे माणसं भरली आणि सेल्समन स्टेजवर चढून त्यांच्याकडून उठाबशा काढून घेऊ लागला. टाय त्याने दुसऱ्या शंभरात सोडला, तिसऱ्यात तो स्वतः खाली बसला आणि नुसता आकडे मोजू लागला. सासूबाईही आल्या होत्या.

"आजी, उठाबशा काढा ना," कुणीतरी म्हणालं.

"मी नुसती बसूनच तापते," सासूबाई म्हणाल्या. "सुनेला विचार."

सल्लागार भिंतीवरच्या थर्मोस्टॅटसमोर हेअर ड्रायर धरून उभे होते.

"त्याने इमारत तापत नाही हो," ताई म्हणाल्या. "भिंतीला ताप आलाय, एवढंच तो कळवतो."

बारा वाजता काटा चारशे बाराच्या पुढे गेला. मामांनी गपचूप डोळे मिटले. ताईंनी आकडा लिहिला. एक वाजता चारशे अडतीस. दीड वाजता चारशे पन्नास. साहेब वरून दर पाच मिनिटांनी फोन करत होते आणि फोन न ठेवताच ओरडत होते, "अजून इस्त्र्या! शेजारच्या लाँड्रीला विचारा!"

लाँड्रीवाला सोळा इस्त्र्या घेऊन आला. दोन वाजून वीस मिनिटांनी त्या एकदम लागल्या. काटा हलला, चारशे एकसष्टला टेकला, आणि कुठेतरी खाली 'धाड' असा आवाज झाला.

इमारतीचा मेन स्विच पडला होता. दिवे, लिफ्ट, बॉयलर, इस्त्र्या, दोन्ही मशीनं, सगळं गप्प. त्या शांततेत हॉलमधून सेल्समनचा एकट्याचा आवाज ऐकू आला, "तीनशे चार... तीनशे पाच..."

साहेब अकरा मजले उतरून आले. येईपर्यंत त्यांचा स्वतःचाच एक टन झाला होता.

"दोन वीस, चारशे एकसष्ट," ताईंनी वाचून दाखवलं. "पुढे वीज नाही. साहेब, ही इमारत पाचशेपर्यंत तापायच्या आधी मेन पडतो. हजार टन गरमी हवी असेल तर आग लावावी लागेल."

"आणि आग लागली तर बंब बोलावतात," मामा म्हणाले, "चिलर नाही."

साहेबांनी बराच वेळ श्वास घेतला. "पण भविष्य?"

"भविष्यासाठी जागा ठेवू. गरज लागली की तिसरा अडीचशेचा मागवायचा. तोही कारखान्यातून तयार होऊनच येईल, शेजारी उभा करायचा. आजच का विकत घ्यायचं भविष्य?"

मागून सासूबाई म्हणाल्या, "कपडे वाढल्यावर कपाट घ्यावं."

साहेबांना कपाटाचा संदर्भ माहीत नव्हता, पण पटल्यासारखी मान हलवण्याची त्यांना सवय होती. ताईंनी तिथेच फॉर्म काढला, हजारावर आडवी रेघ मारली, 'अडीचशे, नग दोन' लिहिलं आणि अशी सही ठोकली की खालच्या तीन कार्बन प्रतींवरही उमटली आणि टेबलावरही.

पंप हाऊसचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

मग ताईंनी प्लांट रूमचं पुढचं दार मोजलं. दोन मीटर चाळीस. मशीनची रुंदी दोन मीटर तीस. मामांनी मोजलं, तेवढंच. सेल्समनने मोजलं, तेवढंच. या इमारतीत तीन माणसांचं एका आकड्यावर एकमत होण्याची ही पहिलीच वेळ होती. ताईंनी आकडा दारावर खडूने लिहून ठेवला.

तीन महिन्यांनी पहिलं मशीन ट्रकवरून आलं. कारखान्यात जुळवलेलं, चालवलेलं, तपासलेलं. रंग मोती. साहेब फीत कापायची कात्री घेऊन प्लांट रूमच्या आत उभे होते, कारण मशीन आत शिरताना समोरून फोटो चांगला येतो. सेल्समन त्यांच्या शेजारी उभा होता. ताई आणि मामा बाहेर, मशीनच्या मागे. आठ माणसांनी ते रुळांवरून ढकलायला सुरुवात केली. पुढचा, पॅनेलचा भाग अरुंद होता, तो आत गेला. मधला भाग रुंद होता. तो गेला नाही. मागेही येईना.

मामांनी चौकटीवर हात फिरवला. "ताई, खडूचा आकडा कुठे गेला?"

आकडा काळ्या ग्रॅनाइटच्या खाली गेला होता. उद्घाटनाला शोभा यावी म्हणून साहेबांनी आदल्या सुट्टीत चौकटीला दोन्ही बाजूंनी चकचकीत ग्रॅनाइट बसवून घेतलं होतं. प्रत्येक बाजूला सात सेंटीमीटर.

"एवढं जाड कशाला, साहेब?" ताईंनी मशीनच्या वरून ओरडून विचारलं.

"कारागीर पाच म्हणत होता," साहेबांचा आवाज आला. "मी म्हटलं, हाताशी थोडं असावं."

"मागच्या दाराने बाहेर येतो आम्ही!" सेल्समन म्हणाला.

"मागचं दार पाईपांच्या मागे आहे," मामा म्हणाले. "सव्वीस वर्षं झाली."

ग्रॅनाइट कापायचं मशीन असलेला कारागीर दुसऱ्या गावाला गेला होता, तो उद्या सकाळी येणार होता. खिडकीच्या जाळीतून कप जाईना, म्हणून साहेबांना चहा स्ट्रॉने दिला.

आत जुनी मशीनं चालूच होती आणि मीटरही आतच होतं. तीन वाजता ताईंनी नोंदवही उघडली आणि हाक मारली.

"साहेब, काटा कितीवर आहे?"

"तीनशे."

"नक्की? तीनशेच्या खाली हजाराचं मशीन बंद पडतं, म्हणून विचारते."

बुटांचा आवाज मीटरपर्यंत गेला. मग साहेब म्हणाले, "दोनशे अठ्ठ्याऐंशी."

ताईंनी लिहिलं: दुपारी तीन, दोनशे अठ्ठ्याऐंशी टन. आकडा वाचणारे: साहेब. शेरा: नवीन मशीन दारात. वाचणाऱ्याची सही उद्या घ्यावी.