शोभेचा काळा पट्टा

बंदराकडे जाणाऱ्या पायवाटेवर नगरपालिकेने शोभेसाठी काळ्या विटांचा रुंद आडवा पट्टा बसवला, आणि त्या दिवसापासून वीबेचं फिरणं बंद पडलं.

आउक्येचा हा नवरा चार वर्षं विसरत चालला होता. नातवंडांची नावं गेली, कालचं जेवण गेलं. सकाळी एकट्याने बंदरावर जाऊन हेरिंग मासा खाऊन यायचं, तेवढी वाट मात्र डोक्यात शाबूत होती. आता तो पट्ट्यापाशी पाऊल उचलायचा आणि मागे घ्यायचा.

"खड्डा आहे," काळ्या विटांकडे बघत म्हणायचा.

मुलगी हिल्त्ये फोनवर म्हणाली, "आई, आता दाराला कुलूपच लाव बाई."

"कुलूप लावायला तो काय सायकल आहे?" आउक्ये कडाडली.

पट्टा काढा म्हणून तिने पालिकेला कळवलं. उत्तर आलं: अर्ज करा, सहा महिने लागतील. तोवर ती वाटही वीबेच्या डोक्यातून पुसली गेली असती. शोभा करणाऱ्यांना म्हातारी माणसं कधी दिसतच नाहीत, हेच खरं.

शनिवारी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आउक्ये पहार घेऊन पट्ट्यावर बसली. इथल्या विटा नुसत्या वाळूत ठोकलेल्या. एक उपटली की बाकीच्या सुटतात. शेजारचा डाउवे कुंपणावरून बघत होता.

"परवानगी आहे?"

"नाही."

"मग हात चालव लवकर," म्हणत त्याने आपल्या अंगणातल्या लाल विटा ढकलगाडीत भरून आणल्या.

दुपारपर्यंत पट्ट्याच्या मधून माणूसभर रुंदीची लाल वाट झाली. आउक्येचे गुडघे बोलू लागले होते. तेवढ्यात टोपी घालून वीबे बाहेर आला. पट्ट्यापाशी थबकला. पाऊल उचललं, टेकवलं, आणि चालत पलीकडे गेला.

तिच्यापाशी थांबून त्याने टोपी उचलली. "छान बसवलंत हो, बाई. घरी बायकोला सांगतो रस्ता झाला म्हणून. फार काळजी करते बिचारी."

त्याने तिला ओळखलं नव्हतं. असं पहिल्यांदाच घडत होतं.

"सांगा हं," ती म्हणाली. "आधी मासा खाऊन या."

तो कोपऱ्यावरून वळला. डाउवेने हळूच विचारलं, "मागे जाऊ का त्याच्या?"

"काही नको," आउक्ये डोळे पुसत म्हणाली. "विटा दे. अजून दोन्ही कडा राहिल्यात."