तळ्याची गळती

भगवान घरतांना बसता येत नसे. पायाला काही झालं नव्हतं. पण खुर्चीत टेकले की थोड्याच वेळात उठत, गॅलरीत जात, परत येत आणि टाकी भरली का ते बघायला गच्चीवर जात. पनवेलच्या त्या इमारतीत सोसायटीने गच्चीच्या दाराला कुलूप लावलं ते यांच्यामुळेच, असं त्यांची बायको हौसाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. शेत विमानतळात गेल्यापासून हे असं चाललं होतं.

एक तुकडा मात्र राहिला होता, द्रोणागिरीच्या अंगाला, खाडीकाठच्या खाजणात. खाजणातली शेती ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगायला हवं, की ती भरतीच्या पाण्यापेक्षा खाली असते. मध्ये फक्त मातीचा बांध. खेकड्याने बांधाला बोटाएवढं भोक पाडलं तरी खारं पाणी आत शिरतं, भोक वाढत जातं आणि बघता बघता साऱ्या गावाचं भात जातं. जमीन पुढे काही वर्षं पिकत नाही ती वेगळीच. म्हणून तिथे एक रीत आहे. गळती दिसली की बांध कोणाचा ते विचारायचं नाही. आधी बुजवायची, मग ज्याचा बांध असेल त्याला सांगायचं. भगवान या रीतीत वाढले होते.

गेल्या वर्षी त्याच बांधावर, गुडघाभर चिखलात, त्यांच्या छातीत कळ आली. हृदयात स्टेंट बसवला. मुलीने, दिपाने, बांधावर जायला बंदी घातली आणि तुकडा कोळंबीवाल्याला चालवायला द्यायचं ठरवलं. दिपा तळोज्याच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. घरात शेवटचा शब्द तिचा असतो.

रविवारी ती नेऱ्याच्या बाजूला सायकलवर जाई. मैत्रिणीबरोबर, मितालीबरोबर, तिने फ्रान्समध्ये सायकलने फिरायचा बेत केला होता. शांत रस्ते, तळी, जुने किल्ले. मितालीची बदली झाली आणि तिने अंग काढून घेतलं. तेव्हा भगवान म्हणाले, मी येतो. हौसाबाईला हसू आवरेना. आधी खुर्चीत बसून दाखवा, मग सीटवर बसा, असं ती म्हणाली.

भगवान हसले नाहीत. डॉक्टर सायकल चालवायला सांगतात, मग फ्रान्समध्ये काय वेगळी सायकल असते, असं त्यांनी दिपाला विचारलं. आणि मग मनातलं बोलले.

"पुरा प्रवास केला, तर बांध मना परत पायजे. कोळंबीवाला नाय."

दिपाने बराच विचार केला. "पूर्ण केला तर. आणि माझं ऐकून. पाण्यात, चिखलात पाय घालायचा नाही. एकदा जरी घातलात तर विषय संपला."

डॉक्टरांची परवानगी मिळाली. उन्हाळाभर आणि पावसाळ्याच्या उघडिपीत बापलेक नेऱ्याच्या रस्त्यावर सराव करत राहिले, आणि ऑक्टोबरच्या शेवटी दोघं खरोखरच फ्रान्सच्या मध्यावर, ब्रेन नावाच्या मुलखात, सायकलवर होते.

तो मुलूख तळ्यांचा आहे. सपाट माळ, ओकची झाडं, आणि जिकडे बघावं तिकडे तळं. एका तळ्याचा बांध संपतो तिथे दुसऱ्याचा सुरू होतो. मध्येच झाडांतून किल्ल्याचे टोकदार बुरूज वर येतात. रस्त्यावर माणूस दिसत नाही. दिपाला ती शांतता फार आवडली. सायकल झाडाला टेकवून ती तासन्‌तास पाण्यावरची बदकं बघत बसे. भगवान तिच्यामागे येरझाऱ्या घालत. चल, किल्ला बघितला, आता पुढचा. पुढचा किल्ला आला की त्याच्या पुढचा. एका किल्ल्याची बाई माहिती सांगत होती तेव्हा हे बाहेर जाऊन खंदकात पाणी कुठून येतं ते शोधत होते. हौसाबाईचा फोन आला की दिपा सांगे, बरे आहेत, फक्त एका जागी नाहीत.

पण चिखलात पाय घातला नव्हता. प्रवास संपत आला होता आणि भगवानांना बांध दिसू लागला होता.

एका संध्याकाळी ते मादलेन नावाच्या बाईच्या घरी उतरले. घर छोट्या किल्ल्याच्या पायथ्याशी, समोर मोठं तळं. दिपा आंघोळीला गेली. खोलीत खुर्ची होती, म्हणून भगवान बाहेर पडले.

तळ्याच्या बांधावर येताच ते थबकले. पाणी उतरलं होतं. कडेला ओल्या चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडला होता आणि बांधाच्या पोटातून घळघळ आवाज येत होता. पलीकडे वाकून बघितलं तर मोरीतून पाण्याचा जाड लोट ओढ्यात पडत होता. तळ्याच्या बाजूला लोखंडी जाळी होती, आणि तिच्यामागची फळी वर सरकलेली. फळी खाली ढकलून बघितली. साखळीत अडकून ती वरच राहिली आहे असं त्यांना वाटलं.

त्यांनी हाका मारल्या. कोणी आलं नाही. कोणाची हाक कोणाला कळणार होती तिथे. पाणी जातच होतं. भगवानांनी एकदा घराकडे बघितलं. आंघोळीच्या खोलीत दिवा होता. मग त्यांनी बूट काढले.

शेताच्या कडेला गव्हाच्या काडाचे भारे पडलेले होते. त्यातलं काड आणून त्यांनी जाळीला लावलं, पाण्याच्या ओढीने ते आपोआप घट्ट बसलं. वर चिखलाचे गोळे, पुन्हा काड, पुन्हा चिखल. पाणी कमरेपर्यंत होतं आणि विलक्षण गार. आवाज बारीक झाला, मग थांबला. बऱ्याच महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या हातांना शांत वाटलं.

वर आल्यावर मात्र त्यांना दिपा आठवली. कपडे नळाखाली खंगाळून त्यांनी वाळत टाकले आणि गवतात दव फार आहे असं सांगितलं. रीतीतला पुढचा भाग, ज्याचं तळं त्याला सांगण्याचा, राहिलाच. सांगायला गेलं की दिपाला कळणार होतं.

जेवताना ते दोनदा उठले. अंथरुणावरही या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले.

सकाळी माणसांच्या आवाजाने जाग आली. बांधावर गाव लोटलं होतं. लांब रबरी बूट घातलेले पुरुष, बायका, पोरं, टोपल्या, जाळी, मासे तोलायचा काटा. ट्रॅक्टर उभे होते. आणि सगळे पाण्याकडे बघत होते. मादलेनबाई हात उडवून काही सांगत होत्या. दिपाने मोबाइलवर बोलणं उलगडलं आणि बापाला समजावलं. इथे दर शरद ऋतूत तळं रिकामं करतात. कित्येक दिवस हळूहळू पाणी सोडतात, मासे उरल्या डबक्यात गोळा होतात, मग सारं गाव मिळून ते पकडतं. आज तो दिवस होता. आणि रात्रीत पाणी उतरायच्या ऐवजी चढलं होतं.

भगवानांचा चेहरा बघून दिपा बोलायची थांबली.

"बाबा?"

"मना वाटला, गळती हाय."

"तुम्ही उतरलात?"

त्यांनी मान खाली घातली. मग भगवान स्वतःच मादलेनबाईंपुढे गेले. आधी जाळीकडे, मग स्वतःच्या छातीकडे बोट केलं. दिपाने खालमानेने मोबाइलवर बाकीचं सांगितलं, त्यांच्या गावचं खाजण, खारं पाणी, ती रीत.

आधी कोणीतरी हसलं. मग बरेच हसले. तळं सांभाळणारा उंच म्हातारा मात्र हसला नाही. त्याने आपले रबरी बूट, छातीपर्यंत येणारे, भगवानांपुढे धरले. बुजवलंस तू, आता काढ तू. हे समजायला मोबाइल लागला नाही.

भगवानांनी बूट घेतले. पाणी समोर होतं. त्यांचे पाय आपोआप पुढे निघाले. दिपा हाताची घडी घालून बघत होती. त्यांना ठाऊक होतं, बांध तर कालच गेला. आता उतरलं काय आणि न उतरलं काय.

ते थांबले. बूट त्यांनी दिपापुढे धरले.

"तू उतर, बाय. मी सांगतो."

"मी?"

"मग काय तो तुझा मोबाइल उतरंल?"

दिपाने त्यांच्याकडे रागाने बघितलं, बूट चढवले आणि उतरली. पहिल्याच पावलाला चिखलाने तिला धरलं. पाय उचलू नको, आधी टाच फिरव, ते वरून म्हणाले. जाळीसमोर उभी राहू नको, बाजूला राहा, एकदम सुटलं तर पाणी ओढून नेईल. वरचा चिखल आधी. नाय, काड ओढू नको. बोटांनी बघ कुठे गार लागतं, तिथून पाणी वाट काढतंय, तिथेच उघड. त्यांचा आवाज हळू होता. सांगताना ते बांधावर इकडून तिकडे फिरत होते. दोनदा काठाशी आले, स्वतःचे बूट ओले झाले, आणि दोनदा मागे सरले. उंच म्हाताऱ्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला तो बहुधा त्यांना धरून ठेवायलाच.

शेवटी दिपाने एक गोळा काढला आणि बांधाच्या पोटात पाणी बोललं. मग काड सुटलं, लोट सुरू झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्याने बोटाने आधी सूर्य, मग माथ्यावरचं आभाळ दाखवलं, दुपारपर्यंत होईल.

दिपा वर आली ती कोपरापर्यंत चिखलाने माखलेली. धापा टाकत होती.

"वैशाखात बांधाची डागडुजी असते ना?" तिने विचारलं.

"हो."

"मला रविवारीच जमेल. आणि तुम्ही काठावर. आज उभे राहिलात तसे. एक पाऊल खाली आलात तर कोळंबीवाल्याला फोन."

भगवानांनी मान हलवली. काठावर उभं राहणं किती कठीण असतं ते तिला कसं सांगावं, हे त्यांना कळेना. ते म्हणाले, चल मग, कपडे बदल, ऊन वर यायच्या आत पुढचं गाव गाठू.

पण दिपा बूट काढतच नव्हती. बांधाजवळच्या डबक्यात पाणी उतरत होतं आणि त्यात पहिल्या माशांच्या पाठी चमकायला लागल्या होत्या.

"थांबा हो जरा," ती म्हणाली आणि जाळं धरणाऱ्या बायकांच्या रांगेकडे निघाली.